नव्या वर्षाचं पत्र

नाताळच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी डे पान या किनाऱ्यावरच्या गावी, समुद्रासमोर रोझेटबाईंच्या वरच्या खोल्यांत उतरतो. एक जानेवारीच्या सकाळी माझी लेक फेमके खुर्चीवर उभी राहून आजीला नव्या वर्षाचं पत्र वाचून दाखवते. तोवर ते कुणी बघायचं नसतं.

यंदा मी बाईंना फोन करून सांगितलं, "आम्ही पाच डिसेंबरलाच येतो."

"वेड लागलंय का पोरी? तेव्हा इथे नुसता वारा. वॅफलवालासुद्धा दुकान उघडत नाही."

"डॉक्टर म्हणतात, आई नाताळपर्यंतच."

बाई म्हणाल्या, "आणि पत्र?"

"तोच घोळ आहे. फेमके म्हणते, एक तारखेच्या आधी वाचलं तर शुभेच्छा फळत नाहीत. पत्र उशीखाली घेऊन झोपते."

"न्याहारीला माझ्याच स्वयंपाकघरात बसता ना? तिला सांग, या घरात भिंतीवर असते तीच तारीख. नवं कॅलेंडर आलंय, जुनं फाडून संपवते आणि तेच लावते. थांब, फोन ठेवू नकोस."

पलीकडून कागद फाटल्याचा आवाज येऊ लागला. बाई जुन्या कॅलेंडरची उरलेल्या दिवसांची पानं एकेक करून फाडत होत्या. बराच वेळ मी नुसती ऐकत राहिले. मग त्या थांबल्या.

"नाताळचं पान आलं गं. हे तेवढं ठेवू का आईसाठी?"

"नको बाई," मी म्हटलं. "तेही फाडा. तिला जानेवारी बघू दे."