अंतर : एक

"तीन आठवडे, आणि अंतर एक!" साहेबांनी कागद टेबलावर आपटला. "एक! माझं मांजर कीबोर्डवरून चालत गेलं तरी जास्त निघेल."

सगळे हसले. साहेब हसले की हसायचं, एवढं एक काम त्या ऑफिसात सगळ्यांना चोख जमायचं.

हे अंतर म्हणजे साहेबांचं लाडकं खूळ. मागच्या शुक्रवारचा प्रोग्राम आणि या शुक्रवारचा, दोन्ही शेजारी ठेवायचे. पहिल्याचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, गाळावी, बदलावी लागतात ते मोजायचं. जितकं अंतर मोठं, तितकं काम मोठं. मोजणाऱ्याची अक्कल कुणी मोजत नव्हतं. यादीत पहिला नंबर साहेबांच्या भाच्याचा, चार हजार दोनशे. पठ्ठ्याने प्रोग्राममधली नुसती नावं बदलली होती, तीही चांगली लांबलचक.

शेवटचा नंबर मावशींचा. ऑफिसात सर्वांत जुन्या, म्हणून सगळ्यांच्या मावशी. ऑफिसच्याच प्रोग्रामवर चालणारं, रोग्याच्या शिरेत औषध सोडणारं यंत्र मध्येच बंद पडून सुरू झालं, की एकदा दिलेला डोस पुन्हा द्यायचं. नेहमी नाही, हजारात एखाद्या वेळी. सहा जणांनी हात टेकले होते. मावशींनी तीन आठवडे खपून ती जागा शोधली आणि तिथल्या शून्याचा एक केला. परवा तो बदल हॉस्पिटलांतल्या सगळ्या यंत्रांवर पोचलाही. साहेबांना तसं लेखी कळवलं होतं. पण साहेब वाचतात कशाला? ते मोजतात.

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले. "आणि जाताना तुमचं ते रत्न पुसून जा. बघू कुठलं आभाळ कोसळतं ते."

मावशींचा चेहरा उतरला. घरात कमावत्या त्या एकट्याच. पण आवाज हलला नाही.

"मला काढा, साहेब. त्याला हात लावू नका."

"तोरा बघा!" साहेब भाच्याकडे वळले. "तू पूस रे. आत्ता, सगळ्यांसमोर. सगळ्या यंत्रांवरून."

भाच्याने कीबोर्डवरचे हात उचलले आणि चक्क काखेत दाबून धरले. तीन आठवडे तो मावशींच्या शेजारीच बसत होता.

"ऐकू येत नाही का तुला?"

"मामा," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "आजीला सकाळपासून तेच यंत्र लावलंय."