शेजारच्या डब्यातली आई

“आई, तू यायचं नाहीस. वर्गातले सगळे एकटेच येतात,” पहिलीतल्या कुहूनं बजावलं होतं. म्हणून टोकियोच्या लोकलमध्ये मी शेजारच्या डब्यात लपून, मधल्या काचेतून तिच्यावर नजर ठेवून होते. पेंगली आणि शाळेचं स्टेशन चुकलं तर?

इथला गार्ड दाराकडे, सिग्नलकडे बोट रोखून मोठ्यानं ‘ठीक’ म्हणतो, तेव्हाच गाडी सुटते.

स्टेशन आलं. कुहू उतरली, फलाटावर थांबली आणि तिनं गार्डसारखंच बोट रोखलं. “दप्तर, ठीक. बाटली, ठीक. टोपी, ठीक.”

उघड्या दाराशी मी थक्क होऊन ऐकत राहिले. एवढीशी पोर, पण जराही घाई नाही.

मग ते बोट सावकाश वळलं आणि माझ्यावर येऊन थांबलं.

“आई, ठीक,” म्हणाली आणि शाळेकडे निघाली.