तीन तासांवरची दुबई

सहदेव सकाळच्या विमानाने दुबईला गेला आणि दुपार झाली तरी जानकीबाईंनी सुनेला झाडूला हात लावू दिला नव्हता. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, ही त्यांच्या मालवणची रीत. घाटकोपरच्या चाळीत जन्म गेला तरी ती सुटली नव्हती. वर त्या जेवल्याही नव्हत्या, आणि एकदा हट्टाला पेटल्या की त्या कोणाच्या बापाचं ऐकत नसत.

खोलीभर सुतळीचे तुकडे, नारळाच्या शेंड्या आणि रात्री निरोपाला आलेल्यांनी सांडलेला चुरमुऱ्यांचा कचरा. वनमालेला सातवा महिना. बिचारी एका पाटावर पाय आखडून बसली होती.

“आई, हे कधीच पोचले असतील. विमानाला तीनच तास लागतात. जेवून घ्या ना.”

“गप बस गो. तीन तासात यष्टी महाडाक पोचणा नाय. उद्या दुपारपर्यंत मी काय जेवूचंय नाय.”

एरवी वनमाला हसली असती. पण कालपासून तिच्या घशात एकच गोष्ट अडकली होती. सहदेवच्या तिकडच्या नोकरीचा करार दोन वर्षांचा होता आणि मध्ये सुट्टी नव्हती. तो परत येईल तेव्हा बाळ घरभर धावत असेल. हे त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं. आईला बोलू नको, ती जाऊच देणार नाही, म्हणाला. स्वतः उडून मोकळा झाला आणि लोढणं हिच्या गळ्यात.

शेवटी तिने शेजारच्या शुभाताईंना बोलावलं. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या.

“जानकीकाकू, दुबई बाराशे मैल लांब आहे खरी,” शुभाताई म्हणाल्या, “पण विमान तासाला चार-पाचशे मैल जातं. तुम्ही मालवणला जाता ना, त्याच्यापेक्षा कितीतरी लवकर पोचतो माणूस. सहदेव आता तिकडे चहासुद्धा प्यायला असेल.”

जानकीबाई बघतच राहिल्या. मास्तरीणबाई खोटं कशाला सांगतील? शुभाताई गेल्या तशी त्यांनी स्वतःच ताट घेतलं आणि भुकेल्या माणसासारख्या जेवायला लागल्या. चार घास पोटात गेल्यावर चेहरा पार उजळला.

“माका किती घोर होतो गो,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बाळंतपणाक माझो झील इतक्या लांबसून कसो येतलो? पण दुबई मालवणापेक्षा जवळ मगे! तुका कळा सुरू झाल्यो की आपण तार करूया. सकाळी तार केली तर सांजेक तो दारात. येतलो मां?”

वनमाला पातेल्यावर वाकली.

“आई,” ती म्हणाली, “अजून थोडा भात वाढू?”