सतरा टक्के

“बंद करायचा नाही,” असं म्हणत बाईंनी फोन काउंटरवर ठेवला, पण एक बोट काही त्याच्यावरून उचललं नाही.

मोबाईलवाला हसला. चाळिशीचा, कपाळावर भिंग चढवलेला माणूस. दुरुस्त करा पण हात लावू नका, असं सांगणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे रोज येतात. “ताई, बंद केल्याशिवाय आत बघणार कसं? फक्त पंधरा मिनिटं.”

“पंधरा सेकंदही नाही. वीस दिवस झाले घेऊन, नवा कोरा आहे. सकाळी शंभर टक्के करून निघते आणि बाराच्या आत हा मान टाकतो. आज बघा, सतरा.”

“एवढं काय अडलंय त्याच्यावाचून?”

बाईंनी ते उभ्याउभ्याच सांगून टाकलं. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. यादीत नाव सरकत सरकत पहिलं आलंय. किडनी मिळाली की दवाखान्यातून फोन येईल, आज, उद्या, कधीही. दोनदा लावतात. नाही लागला तर पुढच्या नावाला लावतात. कागदावर नंबरासाठी एकच रकाना होता आणि त्यात बाईंचा नंबर आहे.

“बरं,” मोबाईलवाला म्हणाला. “नको बंद करायला.”

तेवढ्यात फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो बाईंच्या कानाला होता. “वाजला. हो, वाजला म्हणते ना! दुकानात पोचलेय, आता देतेच आहे दुरुस्तीला. ठेवा.” फोन पुन्हा काउंटरवर आला, बोटासकट. “आमचे हे. घरच्या फोनवरून लावून बघतात, लागतोय की नाही.”

“किती वेळा?”

“तासाला सात-आठ.” सांगताना बाई ओशाळल्या आणि ओशाळल्याचाच त्यांना राग आला. “मग काय करणार माणूस, दिवसभर घरात पडून?”

मोबाईलवाल्याने दोन-तीन ठिकाणी बोट फिरवून एक आकडा काढला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “सकाळपासून दोनशे एकतीस वेळा उघडलाय. हे काही ते घरून करत नसतील.”

उघडत बाईच होत्या. रेंज आहे ना, ते बघायचं. आवाज पूर्ण आहे ना, ते बघायचं. मिस्ड कॉल पडला नाही ना, ते बघायचं. एवढं झालं की किती टक्के उरलेत ते बघायचं. सगळी बॅटरी त्या बघण्यातच जात होती, आणि गेली म्हणून त्या आणखी बघत होत्या.

“फोन ठणठणीत आहे, ताई. तुम्ही दोघं मिळून त्याचा जीव घेताय.” बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. मग घाईघाईने स्क्रीनचा उजेड कमी केला, नको ती चार ॲप बंद केली आणि कामाचं बोलला. “आता अर्धा तास हा माझ्या ड्रॉवरमध्ये राहील. चालूच, आवाज फुल. वाजला तर दोघांनाही ऐकू येईल. फक्त बघायचा नाही.”

बाई स्टुलावर टेकल्या. पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण त्यांचे कान आणि डोळे ड्रॉवरलाच चिकटले होते. एक माणूस कव्हर घ्यायला आला आणि निळं की काळं यावर इतका वेळ बोलत राहिला, की बाईंना त्याचं तोंड दाबावंसं वाटलं. याच्या बडबडीत रिंग बुडाली तर? तो एकदाचा गेला. दुकानात शांतता झाली, आणि त्या शांततेत बाईंच्या भलतंच लक्षात आलं.

त्या ताडकन उठल्या. “भाऊ, वीस मिनिटं झाली. वाजला नाही.”

“आला तर वाजेल ना.”

“दवाखान्याचा नाही हो. ह्यांचा. ह्यांचा एकही नाही आला.”

“मग बरंच झालं की!”

पण बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. सकाळी ह्यांनी ताट तसंच सरकवलं होतं. पाय नेहमीपेक्षा जास्त सुजले होते, आणि आपण दार नुसतं ओढून निघालो. “तुमच्या फोनवरून लावून द्या,” त्या म्हणाल्या. “माझा अडकायला नको.”

पहिल्यांदा रिंग वाजून वाजून थांबली. दुसऱ्यांदा लावला. सहा, सात, आठ. बाईंनी काउंटरची कड घट्ट धरली. मग पलीकडे खडखड झाली आणि जड आवाज आला, “कोण?”

“मी! काय झालं? बरं आहे ना?”

“काही नाही गं. डोळा लागला होता.”

बाईंना खरं वाटेना. वीस दिवस हा माणूस रात्रीसुद्धा झोपलेला नव्हता. “आत्ता? या वेळी?”

“तूच म्हणालीस ना, दुरुस्तीला देतेय म्हणून. म्हटलं, आता तो बंदच असणार. म्हणजे आता कोणी बोलवायचं नाही. पडल्या पडल्या झोप लागली बघ. किती दिवसांनी.” त्यांनी लांबलचक जांभई दिली. “झाला का चालू?”

मोबाईलवाल्याने ड्रॉवरमधला फोन बाहेर काढून बाईंपुढे धरला होता. त्याचा चेहरा खुलला होता. सतराचे सतरा, एक टक्कासुद्धा उतरला नव्हता. बाईंनी फोन घेतला आणि घट्ट मुठीत धरला.

“नाही अजून,” त्या म्हणाल्या. “आत्ताच खोललाय. तास-दोन तास लागतील म्हणतात. झोपा तुम्ही.”