घरचा शत्रू

पडद्यावर लाल चौकोन उमटला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

चौकोनात एक म्हातारा होता. म्हणजे त्याची सावली होती. उपग्रहातून माणूस तिळाएवढाच दिसतो, पण सकाळच्या उन्हात त्याची सावली लांब पडते आणि चाल काही लपत नाही. संरक्षण खात्याच्या समितीसमोर बसलेली ती आणि तिचा आतेभाऊ, या दोघांनी मिळून बनवलेल्या यंत्राची सगळी करामत एवढीच होती. वरून सावल्या बघायच्या आणि गर्दीतून वाईट हेतूनं फिरणारा माणूस हुडकून काढायचा. समितीनं आज आपला एक जवान वेष पालटून समोरच्या बाजारात सोडला होता. कोणता वेष, हे अध्यक्षांनाही ठाऊक नव्हतं. त्याला शोधून दाखवा आणि संरक्षण खात्याचा निधी घेऊन जा, असा सरळ मामला होता.

"वा! म्हाताऱ्याचं सोंग घेतलं बेट्यानं!" अध्यक्ष खुशीत हसले. ते स्वतः निवृत्त सेनापती. "काठी काय, लंगडणं काय! तरी तुमच्या यंत्रानं पकडलंच. आता आणखी काही बघायची गरज नाही." त्यांनी मंजुरीचा कागद पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

आतेभावानं आनंदानं टेबलाखालून तिचा हात घट्ट दाबला. चांगल्या नोकऱ्यांवर लाथ मारून दोघांनी हा उद्योग मांडला होता. निधी मिळाला नाही तर वर्कशॉपला कुलूप लागणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ती मात्र पडद्याकडेच बघत होती. म्हातारा थांबला. काठी टेकून त्यानं डावा पाय ओढत पुढे आणला. मग मान वळवून मागे पाहिलं. ही चाल तिनं झोपेतसुद्धा ओळखली असती.

यंत्राला शत्रू शिकवायचा तर आधी शत्रू हवा. खऱ्या घुसखोरांची चित्रं लष्कर देईना, आणि नट आणून त्यांच्याकडून काम करून घ्यावं एवढी ऐपत नव्हती. तेव्हा बाबाच म्हणाले होते, "मी आहे की रिकामटेकडा. करा मला शत्रू!" जन्मभर बस चालवलेला माणूस, पक्षाघातानंतर घरात बसून विटला होता. त्यांनी त्या भूमिकेचं सोनं केलं. मैदानात दबकत चालायचे, कुंपणाशी घुटमळायचे, खलनायकासारखे वळून बघायचे. घरी आले की खुर्चीत टेकत ओरडायचे, "अरे, शत्रूला कुणी चहा देता का?" हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळायची. पुढे चाचण्या घेतल्या, त्यातही शत्रू तेच. मग यंत्र चुकणार कसं? ते एकदाही चुकलं नाही आणि ही दोघं शहाणी स्वतःची पाठ थोपटत राहिली.

आता तिला लख्ख कळलं. यंत्र हेतू वगैरे काही शिकलंच नव्हतं. ते शिकलं होतं पाय ओढत चालणारा म्हातारा. समितीचा जवान बाजारात कुठेतरी मजेत फिरत होता आणि यंत्रानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बाबांना मात्र घरी चैन पडलं नसणार. लेकीचं काय होतंय ते बघायला ते काठी टेकत इथवर आले होते.

"ते मामा आहेत रे तुझे," ती पुटपुटली.

आतेभावानं पडद्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "गप्प बस, ताई," तो कसाबसा म्हणाला. "सही होऊ दे. मागाहून दुरुस्त करू. अजून कुठे ते सीमेवर कायमचं बसवलंय?"

क्षणभर तिलाही ते पटलं. खोटं कुठे बोलायचं होतं, नुसतं गप्प तर बसायचं होतं. पेनाचं टोक कागदाला टेकलं आणि ती ताडकन उठली.

"साहेब, सही करू नका. ते सोंग नाही. ते माझे बाबा आहेत."

मग तिनं सगळं सांगून टाकलं, अडखळत, मान खाली घालून. आतेभाऊ दोन्ही हातांत डोकं धरून बसला. आता आरडाओरडा होईल, आपल्याला हाकलून देतील, असं तिला वाटत होतं. वर्कशॉप तर गेलंच होतं. तरी सांगितल्यावर तिला फार हलकं वाटलं. खरं बोलून आपण फक्त आपलंच नुकसान केलं, याचा तिला थोडा अभिमानही वाटला.

पण कुणी ओरडलं नाही. अध्यक्ष तिच्याकडे बघतच नव्हते. ते बघत होते टेबलाच्या टोकाला बसलेल्या अधिकाऱ्याकडे. तो सीमेवरच्या चौकीचा प्रमुख. हिवाळ्यात यंत्राची एक प्रत चाचणीसाठी त्याच्याकडे गेली होती. निधीची शिफारस त्यानंच केली होती. यंत्र उत्तम चालतं, एवढंच त्यानं या दोघांना कळवलं होतं. चाचणी म्हणजे नक्की काय केलंत, हे तिनंही कधी विचारलं नव्हतं आणि आतेभावानंही नाही.

"या यंत्रानं दाखवले म्हणून तिकडे तुम्ही ज्यांना गोळ्या घातल्या," अध्यक्षांनी त्याला विचारलं, "ते कसे होते?"

अधिकारी उभा राहिला. पडद्यावर बाबा एका बाकावर टेकले होते. लाल चौकोन अजून त्यांच्याभोवतीच होता.

"म्हातारे होते, साहेब. सगळेच लंगडत होते," तो म्हणाला. "आम्हालाही सोंगच वाटलं."