कपाळामागचा ब्रेक

"मेंदू वाढेल तेव्हा वाढेल हो बाई, आधी गणितातले मार्क वाढवा!" मागच्या रांगेतले दुकानदार म्हणाले आणि सगळा हॉल हसला.

समुपदेशक बाईही हसल्या. हसणं भाग होतं. पालक एकदा रुसला की पुढच्या सभेला नुसती त्याची खुर्ची येते.

तशा आजही खुर्च्याच जास्त होत्या. आलेल्यांतले निम्मे मोबाईलमध्ये मान घालून बसले होते. दोन आया तिसऱ्या आईच्या मुलीची उणीदुणी काढत होत्या. मुख्याध्यापक डोळे मिटून चिंतन करत होते. चिंतनाचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत येत होता.

भिंतीवर गेल्या महिन्यात गेलेल्या मुलाचा फोटो होता. दहावीतला. बंद कारखान्याच्या आवारात तांब्याची तार कापायला तो खांबावर चढला. तारेत वीज नाही असं त्याला सांगितलेलं. होती. कुणी सांगितलं, कुणी चढवलं, ते पोलिसांना कळलं नाही आणि पोरांनी तोंड उघडलं नाही. पण पोरं अजून चढत होती, एवढं बाईंना ठाऊक होतं. मेलेल्या मुलाच्या बाकावर बसणाऱ्या एका पोराचे तळहात त्यांनी पाहिले होते. सरसर चढतो म्हणून पोरं त्याला खार म्हणत. तळहातांवर तारेचे चरे होते, आणि ते ताजे होते. "घरचं मोठं माणूस घेऊनच ये," असं बाईंनी त्याला बजावलं होतं. आज एका जरी घरानं आपलं पोर संध्याकाळी दाराआड ठेवलं, तरी घसा फोडल्याचं सार्थक होणार होतं.

खार आला होता. शेजारी एक मोठा माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात मांडीवर, मोबाईल खिशात. सबंध हॉलमध्ये ऐकणारा तेवढा एकच.

"याचे वडील का आपण?" बाईंनी विचारलं.

"वडिलांसारखाच. शाळा सुटली की माझ्याकडेच असतो." तो जरा पुढे सरकला. "मॅडम, म्हणजे या वयात पोरांना धोका कळतच नाही?"

"कळतो की! तुमच्या-माझ्याइतकाच कळतो." बाईंना हुरूप आला. त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "थांब, विचार कर, असं सांगणारा भाग इथे, कपाळामागे असतो. तो सगळ्यात शेवटी पिकतो. थरार हवा, शाबासकी हवी, असं ओरडणारा भाग मात्र तेरा-चौदालाच जोरात असतो. गाडीला इंजिन आलंय, ब्रेक अजून बनतोय."

"पुरता कधी बनतो?"

"हळूहळू. विशी उलटते. काहींची पंचविशीसुद्धा."

"आमच्या मेव्हण्याचा चाळिशीतही बनला नाही," दुकानदार म्हणाले. पुन्हा हशा. मुख्याध्यापक दचकून जागे झाले आणि टाळ्या वाजवून मोकळे झाले.

पांढरा शर्ट हसला नाही. "अजून एक विचारू? पोरगा एकटा असला की कचरतो. तोच दोस्तांसमोर बिनधास्त उडी मारतो. असं का होतं?"

बाईंना वाटलं, उठून या माणसाचे पाय धरावेत. आजवरच्या इतक्या सभांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"अगदी नेमकं विचारलंत! एकटं पोर पुष्कळदा मोठ्या माणसासारखं वागतं. थबकतं, माघारी फिरतं. पण दोस्त बघतोय म्हटलं की संपलं. नुसतं बघतोय हं, त्यानं चिथावायचीही गरज नाही. तो थराराचा भाग पेट घेतो आणि उरलासुरला ब्रेकही लागत नाही. म्हणून तर सांगते, यांना जोडीनं धोक्याच्या जागी फिरकू देऊ नका."

त्या माणसानं सावकाश मान हलवली, माल पारखून घेणाऱ्यासारखी. "लाखमोलाचं सांगितलंत. आम्ही आपले आजवर अंदाजानं चालत होतो."

खार मान खाली घालून तळहात चोळत राहिला. पोराला शरम वाटतेय, बाईंनी मनात नोंद केली. चांगली खूण आहे.

सभा संपली. इतका वेळ जागचे न हललेले पालक चहाच्या टेबलाकडे धावले. बाई मात्र जिना उतरून त्या माणसाच्या मागे निघाल्या. पुढच्या सभेत त्यालाच बोलायला उभं करायचं. बाईंची दहा भाषणं एकीकडे आणि असा एक बाप एकीकडे.

फाटकाबाहेर छोटा टेम्पो उभा होता. खार मागच्या बाजूला चढून बसला होता. तो माणूस पाठमोरा, खिडकीशी वाकून ड्रायव्हरशी बोलत होता. बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं.

"ते एकोणीस-विशीतले कमी कर," तो सांगत होता. "हल्ली खांबाखाली उभे राहून विचार करतात. दहावीतलेच घे. आणि एकट्याला चढवू नकोस, एकटं पोर माघारी फिरतं. बघायला खाली एक दोस्त उभा ठेव."