जुन्या पेठेचा गोल

चेंडू जाळ्यात शिरला आणि प्रशिक्षक सर्जेराव खुर्चीवरून उडी मारून नाचायला लागले. मग त्यांनी जीभ चावली. गोल समोरच्यांनी केला होता! उभी हयात ते समोरच्या त्या पेठेकडूनच खेळले होते. या नव्या पेठेची टीम हाती घेऊन महिनाच झाला होता.

अख्खं कोल्हापूर खो-खो हसलं. स्वतःची पोरं मात्र परक्याकडे बघावं तशी बघत राहिली. सर्जेराव मान खाली घालून खुर्चीवर बसले. आता ही आपलं ऐकतील?

मध्यंतराला कॅप्टन म्हणाला, "मामा, आम्ही गोल मारला की असंच नाचायचं. बघतोच आम्ही!"

पोरांनी बरोबरी साधली. शेवटच्या मिनिटाला त्यांचाच दुसरा गोल बसला, तसे सर्जेराव नाचत थेट मैदानात घुसले. पंच कार्ड काढून धावले.

"सोडा की सर," कॅप्टन आडवा आला, "म्हातारं आमचंच हाय!"